करण्यात यावे

वार्डोमध्ये नोव्हेंबरात दुपारी दोनलाच दिवा लावावा लागतो.
त्या दिव्याखाली ओस्लोहून आलेलं पत्र उघडलं:
बेचाळीस पानं, तीन परिशिष्टं
आणि सगळीकडे एकच क्रियापद.
जोखमीचे मूल्यमापन करण्यात यावे.
धोरण अद्ययावत करण्यात यावे.
संचालक मंडळास अवगत करण्यात यावे.
कुणी करायचं, ते नाही.
कुणाला वाटतंय हे व्हावं, तेही नाही.
जणू वाऱ्यानेच कागद उचलायचा
आणि वाऱ्यानेच सही करायची.

आमची बचत बँक म्हणजे पाच माणसं, एक कॉफीचं यंत्र
आणि बंदरातल्या बोटींवर दिलेली कर्जं.
मी नियमपालन अधिकारी. सोमवार ते बुधवार.
गुरुवारपासून काउंटरवर.

मी केलं. सगळं केलं.
एकशे अठरा चौकोनांत एकशे अठरा खुणा.
ओडवारने उभ्या उभ्या सही ठोकली,
दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला पाव.
"छान दिसतंय रे," म्हणाला.
मला त्याचा राग आला नाही.
मीही पत्र वाचलं नव्हतंच,
फक्त उत्तर दिलं होतं.

पूर्वी तिकडे हाल्दिस लेर्वोग असायची.
तिचं पत्र एका पानाचं.
एकदा तिने लिहिलं:
"तुमच्या एकवीस बोटींपैकी
खरं तर किती एकाच माणसाच्या आहेत?
मला झोपताना हा प्रश्न पडतो. तुम्हाला पडतो का?"
बस. खाली शाईची सही, जराशी फरकटलेली.

त्या रात्री मी घरी गेलो नाही.
वहीत एकेका बोटीचं नाव लिहिलं,
मालकाचं, मालकाच्या मेहुण्याचं,
मेहुण्याच्या कंपनीचं,
आणि रेघा ओढत गेलो तर
गळाला लागल्यासारख्या एकामागून एक
इंगेब्रिग्टच्या दारात जाऊन थांबल्या.
चौदा.
हे मोजा, असं कुठल्याच नियमात नव्हतं.
सकाळी तिला फोन केला. ती म्हणाली, "हं."
त्या एका 'हं'साठी आम्ही चौदाच्या नऊ केल्या.
दोन वर्षं लागली.
इंगेब्रिग्ट अजून दुकानात ओळख देत नाही.

पण हाल्दिसला देव्हाऱ्यात बसवायला नको.
शेवटच्या वर्षी ती दमली होती,
फोन ठेवता ठेवता म्हणाली,
"बाकी सगळं ठीक आहे ना?"
त्या 'ना'मध्ये केवढी ऊब.
दार एवढंसंच उघडं,
त्यातून फक्त 'हो' बाहेर जाऊ शकत होता.
गोठणघराच्या कर्जाचे तीन हप्ते थकले होते.
मी म्हणालो, हो.
ती म्हणाली, बरं झालं.

बेचाळीस पानांत त्याच्यासाठीही एक चौकोन होता,
सत्त्याहत्तर की अठ्ठ्याहत्तर.
त्यात खूण आहे.
माझ्याच हातची, सुबक.

आज ते पत्र लिहिणारा स्वतः आलाय तपासणीला.
सिंद्रे नाव, सत्तावीसचा असेल,
विमानाच्या हेलकाव्यांनी अजून पांढराफटक.
फाइल त्याने उघडली, एक एक खूण बघितली,
प्रत्येकीला मान डोलावली.
मीही त्याच्याबरोबर डोलावत राहिलो.
मग तोंडाला जरा हवा लागावी म्हणून
तो खिडकीशी गेला.
बंदरात सगळीकडे दिवे.
काचेवरची वाफ बाहीने पुसत
सहज, फाइलीकडे पाठ करून, विचारलं,
"तो अंधारातला मोठा गाळा कुणाचा?"

कॉफीचं यंत्र घरघरत होतं, ते बंद केलं.
ओडवारच्या खोलीचं दार ओढून घेतलं.
"ओले बूट काढ आधी," मी म्हणालो,
"आणि बस.
सांगायला वेळ लागेल."